डालड्याचा डबा आणि बारा महिन्यांची फुलं

कोल्हापुरात साधारण १९५५ ते १९७० च्या दरम्यान जन्मलेल्या आम्हा लोकांना कुंडी ही वस्तू उशिरा भेटली. आधी भेटला तो डबा. पिवळा, वर माडाचं हिरवं चित्र असलेला डालड्याचा डबा. हे वनस्पती तूप १९३७ साली हिंदुस्थानात आलं. आमच्या घरांत मात्र तुपापेक्षा त्याच्या पत्र्याला जास्त मान होता. तूप संपलं की डबा घासून आधी डाळीला जायचा, मग कोंड्याला, मग शिवणकामाच्या चिंध्यांना. कडेला गंज धरला की मगच त्याला गॅलरीत जायची परवानगी मिळायची. तळाला खिळ्यानं भोकं, बाहेरून काव किंवा घरात उरलेला ऑइलपेंट, आत विटांची खापरं, वर माती. ऐपतीप्रमाणे त्याच्या शेजारी घासलेटचा डबा, कान तुटलेली पाटी, अर्ध्यातून फुटलेला माठ असे सोबती असत. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली खरीखुरी मातीची कुंडी एखादीच. ती तुळशीला.

हे सगळं गॅलरीत कसं आलं, याचं कारण सरळ होतं. वाटण्या. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या घरांना पुढं सोपा, मध्ये माजघर आणि मागं परसू असायचं. परसात सोनचाफा, प्राजक्त, केळ, अळू, आडाजवळ कर्दळ. भावाभावांत घर वाटलं गेलं की पहिली कुऱ्हाड परसावर. तिथं धाकट्याचं स्वयंपाकघर उभं राहायचं, थोरला माडीवर जायचा. माडीला पुढं रस्त्याच्या बाजूला दोन-अडीच फूट रुंदीची गॅलरी, सिमेंटची जाळी लावलेली. राजारामपुरीत आणि शाहूपुरीत भाड्यानं राहणाऱ्यांच्या वाट्याला तर परसू कधी आलंच नव्हतं. म्हणजे ज्या बाईनं माहेरी प्राजक्ताच्या सड्यातून वाट काढली होती, तिला आता अडीच फुटांत बाग बसवायची होती. तिला निवड करावीच लागली.

आणि ती निवड आमच्या आयांनी ज्या हिशेबानं केली, तो हिशेब पुढं आम्हाला कुणालाच तसा जमला नाही. रंग कोणता, गॅलरी खालून कशी दिसते, हे त्यांच्या डोक्यात फार नसायचं. त्यांचे प्रश्न तीन. देवाला चालतं का? केसात माळता येतं का? शेजारणीनं हात पुढं केला तर चार देता येतात का? पण या तिन्हींच्या खाली एक चौथा प्रश्न असायचा आणि खरं शहाणपण तिथं होतं. हे फुलतं कोणत्या महिन्यात? मोगरा आहे म्हणजे उन्हाळा भागला. मग दुसरं झाड पुन्हा उन्हाळ्याचं घ्यायचं नाही, पावसाळ्याचं घ्यायचं. डबे थोडे असायचे, महिने बारा. देव्हारा एक दिवसही फुलावाचून राहता कामा नये आणि फूल विकत आणायला लागू नये, इतका काटकसरीचा तो हिशेब होता. जोतिबा रोडवर, देवळाच्या आसपास फुलांच्या पाट्या लागलेल्या असायच्याच. पण तिथून हार घ्यायचा तो अंबाबाईला. घरच्या देवाला घरचं फूल.

चैत्रात मोगऱ्याची कळी धरायची. त्याच सुमाराला जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गुलाल आणि दवणा. डोंगरावरून येणारा माणूस गुलालानं माखून यायचा आणि पिशवीतून दवणा काढायचा. तो आधी देवाला आणि सुकल्यावर कपड्यांच्या ट्रंकेत. दवण्याचं रोप डब्यात जगवण्याचा प्रयत्न जवळजवळ प्रत्येक घरात झाला असेल. मरवा मात्र सहज जगायचा आणि तो गजऱ्यात मध्ये मध्ये घालायला लागायचा. वैशाखात मोगऱ्याचा बहर, ज्येष्ठात पहिल्या पावसाबरोबर अनंत. अनंताचं फूल सकाळी पांढरंशुभ्र, दुसऱ्या दिवशी पिवळट. त्याचा वास इतका की माडीवर फुललेलं खालच्या सोप्यात कळायचं. श्रावणात जाई, जुई, गोकर्ण, तगर, गुलबक्षी. भाद्रपदात लाल जास्वंद. एका पसरट डब्यात चक्क दूर्वा लावलेल्या असत, कारण एकवीस दूर्वांसाठी रोज मैदानभर फिरणार कोण? गौरीचा तेरडा मात्र गॅलरीतला चालायचा नाही. गौर पाणवठ्यावरूनच यायची, पंचगंगेच्या घाटावरून किंवा रंकाळ्यावरून, गाणी म्हणत, तिच्यामागून शंकरोबा. डब्यातल्या तेरड्याचं काम आम्हा पोरांची करमणूक करणं एवढंच. त्याची पिकलेली बोंडं चिमटीत धरली की फटकन फुटतात. अबोलीची सुकी बोंडं पाण्यात टाकली की तशीच तडकून बी लांब उडवतात. वर्गात जीभ लावून ती बोंडं पुढच्या मुलीच्या पाठीवर कोणी सोडली होती, त्यांची नावं आजही आम्हाला पाठ आहेत.

नवरात्रात घटाला रोज एक माळ. पहिली विड्याच्या पानांची. पुढच्या माळांना बाजारातून कारळ्याची पिवळी फुलं, तरवड, झेंडू यायचा. पण मधल्या एखाद्या दिवशी गॅलरीतल्या गोकर्णाची निळी माळ करायची आणि ती हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दिसेल अशी ठेवायची, हा प्रत्येक घरचा गुपचूप दिमाख. दिवाळीनंतर शेवंती. मार्गशीर्षात कोरांटी. पौषात काय? तर कुंद. गारठ्यात बाकी सगळं आखडून बसलेलं असताना फुलणारी ही पांढरी चांदणी लावायला हवी, हे ज्या बाईला सुचलं तिनं गॅलरीचा अर्धा प्रश्न सोडवला. फाल्गुन तेवढा कोरडा जायचा. तेव्हा सदाफुली होतीच, आणि सकाळी दहाच्या सुमाराला उघडणारी ती छोटी, मांसल पानांची ‘ऑफिस टाइम’.

मोगऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण गॅलरीचा राजा तोच. थंडीत त्याचं पाणी तोडायचं. पानं मलूल झाली तरी दया दाखवायची नाही. मग जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव यायचा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तीन संध्याकाळी मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून वर चढतं. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला पुन्हा. आमच्याकडं फेब्रुवारीतला किरणोत्सव म्हणजे मोगरा छाटायची खूण. देवीचं दर्शन घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी कात्री निघायची. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर झाड नुसतं वाढतं. छाटून, उरलेली पानं ओरबाडून, मुळाशी शेणखत घालून मग पहिलं भरपूर पाणी. तीन-चार आठवड्यांत तांबूस कोंब, आणि रंगपंचमीच्या पुढंमागं पहिल्या कळ्या.

कळ्या संध्याकाळी तोडायच्या, उमलायच्या आधी. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. गजरा केळीच्या सोपाच्या दोऱ्यात. आमच्याकडच्या बायका सुईनं ओवायच्या. पण बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडून आलेल्या सुना सुईला हात लावायच्या नाहीत. डाव्या हाताच्या बोटांत दोन-दोन कळ्या धरून, उजव्या हातानं दोऱ्याचा वेढा आणि गाठ. असा घट्ट बांधलेला, दोन्ही बाजूंना कळ्यांची तोंडं असलेला गजरा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलायचा नाही. अबोलीचं आणि मरव्याचं मिश्रण तर त्यांच्याच हातचं. कोल्हापूरचं अर्धं गणगोत कानडी मुलखात, त्यामुळं ही विद्या लग्नाच्या वाटेनं आमच्या पेठांत आली आणि गॅलरीगॅलरीतून पसरली.

या गजऱ्यांच्या आठवणीत एक माणूस नेहमी असतो आणि त्याच्याबद्दल आम्ही तेव्हा काही विचारलं नाही. घरातली विधवा आजी, किंवा आत्ती. बहुतेक घरांत मोगऱ्याची खरी मालकीण तीच असायची. पाणी तोडायचं कधी, छाटायचं कुठं, मावा पडला की काय करायचं, सगळं तिला ठाऊक. संध्याकाळी कळ्या तोडून गॅलरीतच भिंतीला टेकून ती गजरे करायची. सुनांना, नातींना, शेजारच्या पोरींना. उरलेली एक छोटी गुंडी देवाला. तिच्या स्वतःच्या डोक्यावर पदर. आम्ही पोरी ओळीनं तिच्यापुढं पाठमोऱ्या बसायचो, ती वेणीत गजरा माळून मानेवर हलकेच थोपटायची आणि म्हणायची, “जावा आता, आरशात बघून या.” एकीलाही कधी मागं वळून गजरा तिच्या केसात घालावासा वाटला नाही. वाटला असता तर तिनंच हात धरला असता, हेही खरं. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला १९१७ साली. कायद्यानं लग्न करायला मोकळीक दिली. गजऱ्याचं पुढं पन्नास-साठ वर्षंही तसंच राहिलं. मे २०२२ मध्ये याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांवरच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर राज्य सरकारनं तो इतर गावांपुढं ठेवला. ती बातमी वाचली तेव्हा आमच्यापैकी कितीजणींना पहिल्यांदा ती भिंतीला टेकलेली आत्ती आठवली असेल. महिन्याच्या ‘त्या’ चार दिवसांत तुळशीवर आमची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, हाही याच गॅलरीचा कायदा. जुन्या दिवसांच्या वासानं हळवं व्हायला हरकत नाही, पण हिशेब पुरता मांडावा.

आता मातीकडं येऊ. कोल्हापुरात माती मागायला लांब जावं लागत नाही. पंचगंगेच्या काठचा काळा पोयटा आणि पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची तांबडी माती, दोन्ही हाताशी. निम्मी-निम्मी घेऊन त्यात शेणखत कालवलं की काम झालं. तांबडी माती तर गल्लीतल्या तालमीतही होती, चाळून, तेल-ताक घालून लोण्यासारखी केलेली. पण ती मागायची छाती कुणाची नव्हती. शेणखताची ददात नव्हती. पेठांमध्ये गल्लोगल्ली म्हशींचे गोठे, संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढून दिली जायची. दुधाचा रतीब ज्याच्याकडं, खताची पाटी त्याच्याकडून. तेलघाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणायची, चार दिवस भिजवायची आणि पातळ करून घालायची. या पेंडीच्या पाण्याचा वास एवढा दांडगा की त्या दिवशी शेजारी खिडक्या लावून घ्यायचे आणि खुशाल जोरात विचारायचे, “वैनी, बाग फुलणार वाटतं?”

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, हे सगळ्या महाराष्ट्रात सारखंच. कोल्हापूरची खासियत वेगळी. रविवारी मटण. मटण धुतलेलं पाणी गुलाबाला घालायचं, त्यानं गुलाब टपोरा येतो, हे इथं लहान पोरालाही माहीत. फुलं खरंच टपोरी यायची. मग घरात दर वेळी तोच वाद. हा गुलाब देवाला चालेल का? सोवळं पाळणारी एखादी काकी नाक मुरडायची. निकाल आजीकडं जायचा आणि तो पुष्कळ घरांत थोड्याफार फरकानं असाच लागलेला आम्ही ऐकलेला आहे: “झाडानं काय खाल्लं ते देव इचारत न्हाई. तू आंघोळ करून तोड म्हंजे झालं.”

जास्वंदीवर पांढरा कापूस धरला, म्हणजे पिठ्या ढेकूण आला, की औषध निपाणीचं. तंबाखू. आबांच्या किंवा नानांच्या डबीतली चिमूट चालायची नाही, पसाभर लागायची. ती रात्रभर भिजवून, गाळून, धुण्याच्या साबणाच्या पाण्यात मिसळून शिंपडायची. तंबाखूतलं निकोटिन किडीला मारतं, हे शास्त्र आम्ही नंतर शिकलो. तेव्हा एवढंच कळत होतं की नानांची वर्षानुवर्षांची सवय त्या दिवशी पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडली.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. नळाला पाणी यायचं ते ठरलेल्या वेळी. हंडे-कळश्या भरून झाल्यावर नळ जाता जाता जी शेवटची बारीक धार यायची ती झाडांची. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनच्या गप्पा ऐकत आमची पिढी म्हातारी झाली आणि ते पाणी शहरात आलं २०२३ च्या दिवाळीत. तोवर गॅलरीनं भांडी विसळलेल्या पाण्यावर दिवस काढले. गॅलरीतून खाली गळणारं पाणी हा वेगळाच अध्याय. खालच्या बिऱ्हाडानं उन्हात घातलेले उडदाचे पापड आणि वरच्या बिऱ्हाडानं बरोबर त्याच वेळी घातलेलं पाणी, यावरून पेठेत जी भांडणं झाली त्यांत निम्म्या वेळा चूक वरच्यांची होती.

डबे मांडायचे कसे, यालाही नियम होते. कठड्याशी ऊन खाणारे: मोगरा, गुलाब, शेवंती. आत भिंतीजवळ अबोली, तिला अर्धी सावली मानवते. जाळीवर जुई किंवा कृष्णकमळ. तुळस सगळ्यांपासून सुटी, जिथं सकाळी उभं राहून पाणी घालता येईल अशी. दारावर कोरफडीचा गड्डा उलटा टांगलेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत हॉर्लिक्सच्या बाटलीत मनीप्लांट. पण ही मांडणी वर्षभर तशीच राहायची नाही. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन तिरकं होऊन पार खोलीत यायचं, तेव्हा डबे मोकळे पसरायचे. मे महिन्यात तेच ऊन कठड्याबाहेर राहायचं. कोल्हापुरावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. म्हणून उत्तरेची गॅलरी, जी थंडीत अंधारी, तिला नेमक्या याच दिवसांत ऊन. आमच्या आयांना अक्षांश-रेखांश माहीत नव्हते. होळीनंतर कोणता डबा कोणत्या फरशीवर सरकवायचा ते माहीत होतं. पत्रा तापून मुळं भाजू नयेत म्हणून डब्यांना ओलं गोणपाट गुंडाळायचं. आणि जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला, झड लागली, की सगळे डबे भिंतीशी. त्या झडीत डब्यांच्या तळातून माती वाहून जायची आणि फरशीवर तांबडे ओघळ उमटायचे. ते पुसायचं काम शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरांचं.

शेवंतीचं एक कोडं पुष्कळ घरांत होतं. एकाच गड्ड्याच्या फुटव्यांतून चार डबे केलेले, तीच माती, तेच पाणी. तीन डबे दिवाळीत फुलायचे आणि रस्त्याच्या खांबाजवळचा चौथा नुसता हिरवा. कुणी म्हणायचं दृष्ट लागली, कुणी म्हणायचं मुंग्या. खरं कारण खांबावरचा दिवा. शेवंती कळी धरते ती रात्री लांबायला लागल्यावर. रात्रभर डोक्यावर दिवा असेल तर तिच्या लेखी रात्र मोठी होतच नाही. फुलशेतीवाले याच गुणाचा उपयोग करून, दिवे लावून किंवा काळं कापड टाकून, शेवंती हव्या त्या महिन्यात आणतात. आमच्याकडं एखादी चौकस वैनी तो डबा उचलून मागच्या बाजूला ठेवायची आणि तो उशिरा का होईना फुलायचा. ते पाहून गल्ली म्हणायची, हिच्या हाताला गुण आहे.

इथवर बायकांची बाग झाली. पुरुषांची बाग म्हणजे गुलाब. रिटायर झालेले मास्तर, कचेरीतले हेडक्लार्क, बँकेतले अण्णा. यांचे गुलाब डब्यात कधीच नसायचे, कुंडीतच. गावठी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरायचा, तोही स्वतः, दाढीच्या ब्लेडनं. ‘ग्लॅडिएटर’, ‘सुपरस्टार’, ‘पीस’, ‘क्वीन एलिझाबेथ’ ही नावं अण्णा अशी घ्यायचे की वाटावं हे पैलवान खासबागेच्या मैदानात उतरणार आहेत. आणि तसंच होतं ते. गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनात कुंडी न्यायची, नंबर काढायचा, हे एकच ध्येय. त्या गुलाबाला हात लावायचा नाही. देवाला नाही, केसात नाही. झाडावर उमलून झाडावरच गळायचा. आयांना हे कधीच पटलं नाही. “दावायला नुसतं,” एवढाच शेरा. आमचं मत विचाराल तर अण्णांचा गुलाब देखणा होता. पण घराचा नव्हता.

घराचं झाड ओळखायची खूण दुसरीच. त्याला माणसाचं नाव असायचं. नर्सरीतून विकत आणलेलं रोप जगत नाही, मागून आणलेलं जगतं, आणि चोरून आणलेलं तर हमखास, अशी समजूतच होती. त्यामुळं जवळजवळ प्रत्येक डबा कुणाच्या तरी घरून आलेला. “ही कागलच्या मामीची जाई”, “ही बेळगावची अबोली”, “हा आठव्या गल्लीतल्या काकूंचा अनंत”. मामी गेल्यावरही जाई मामीचीच. मृगाचा पाऊस पडला की फांद्यांची देवघेव सुरू. “मी येतो गं सांच्याला, तगरीची फांदी काढून ठेव,” असा गॅलरीतून गॅलरीत निरोप जायचा. तोडलेली फांदी ओल्या चिंध्यांत बांधून यायची, सोबत वाटीतून काहीतरी, आणि वाटी रिकामी परत जायची नाही. या व्यवहारात पैसा कुठं नव्हता, पण उधारी चोख होती. आपल्याकडचा अनंत भुंग्यानं किंवा उन्हानं गेला, तर ज्या घरी पूर्वी फांदी दिली तिथून परत आणायची. एका झाडाची अशी सात-आठ घरांत ठेव. २००५ च्या, २०१९ च्या, २०२१ च्या महापुरात दुधाळी, रमणमळा, शाहूपुरीतली तळमजल्याची घरं पाण्याखाली गेली, परसातली उरलीसुरली झाडं कुजली. पाणी ओसरल्यावर पुष्कळांच्या जास्वंदी आणि तगरी परत आल्या त्या दुसऱ्या पेठेतल्या कुणाच्या तरी गॅलरीतून.

चोरीबद्दल बोललो, तर पहाटेच्या फुलचोरांचं नाव घ्यायलाच हवं. हातात पिशवी, दुसऱ्या हातात आकडीची काठी, डोक्याला कानटोपी. रंकाळ्यावर फिरायला जाणारे हे सद्गृहस्थ येताना तळमजल्यावरचा सगळा मोहल्ला साफ करून यायचे. गॅलरी माडीवर असण्याचा हा मोठा फायदा.

आणि ब्रह्मकमळाची रात्र. खरं तर हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी याचा संबंध नाही. हे मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या जातीचं झाड, पानाच्या कडेलाच कळी धरणारं. पण ज्या घरी कळी वाकून फुगली त्या घरी संध्याकाळपासून वर्दळ. नऊला पाकळ्या सुटायला लागायच्या, अकराच्या सुमाराला पूर्ण फूल. गल्लीतले लोक जिन्यावर ओळीनं उभे, कुणी आरती म्हणायचं, कुणी फोटोसाठी स्टुडिओवाल्याला उठवून आणायचं. दूध-साखर वाटली जायची. सकाळी फूल मान टाकून लोंबायचं आणि त्याच दिवशी त्याची चार पानं चार घरी जायची.

१९९० नंतर अपार्टमेंट आली. गॅलरीला ग्रिल बसलं, मग काच, मग तिथं वॉशिंग मशिन. रिकामा डालड्याचा डबा दिसेनासा झाला, प्लॅस्टिकच्या कुंड्या आल्या. शिरोळ तालुक्यात कोंडिग्र्याच्या हरितगृहांतून गुलाब आणि जरबेरा मोठ्या शहरांकडं जायला लागला. आज आमच्या मुलांच्या बाल्कनीत स्नेक प्लांट, अरेका पाम, पीस लिली आहेत. छान दिसतात, आठवडाभर बाहेरगावी गेलं तरी टिकतात, नोकरी करणाऱ्या जोडप्याला याहून जास्त परवडत नाही. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, आम्ही ठेवणार नाही. फक्त एवढं म्हणू की या बाल्कन्या बारा महिने एकसारख्या दिसतात. जानेवारीतही तीच आणि श्रावणातही तीच. आमच्या आयांची गॅलरी उन्हापावसात केविलवाणी दिसायची, गंजकी, वेडीवाकडी. पण आंधळ्या माणसालाही नुसत्या वासावरून तिथं कोणता महिना चालू आहे ते सांगता आलं असतं. आमच्या मते निवड त्यांचीच सरस होती.

ती अजून करता येते. अडीच फुटांच्या जागेत एक मोगरा, एक जुई, एक शेवंती आणि एक कुंद एवढं बसतं, आणि वर्षाचा बराच भाग झाकला जातो. सोनचाफ्याची हौस असेल तर कोकणातून येणारं वेलणकर चाफ्याचं कलम मोठ्या कुंडीत फुलतं. बाकीचं विकत घेऊ नका. मृग लागला, दोन चांगल्या सरी पडल्या, की पेठेतल्या ओळखीच्या एखाद्या जुन्या घराची कडी वाजवा. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी, खाली तिरका छेद, निम्मी पानं काढलेली, सावलीत ओल्या मातीत. जास्वंद, तगर, मोगरा असेच लागतात. मागायला लाजू नका. कोल्हापुरात फांदी मागितली आणि नाही म्हटलं, असं आमच्या ऐकण्यात नाही. चहा मात्र घेतल्याशिवाय सुटका नाही.